भटका कॅमेरा : काष्टीचा शनिवार



"काका, तुमची काय मज्जा! रोज नवं गाव, रोज नवी माणसं, आणि वर त्याचे पैसेही मिळतात!" अशी पत्रं मला नेहमी येतात. मजा आहेच, नाही म्हणत नाही. पण या मजेत पहाटे चारचा गजर आहे. एस.टी.च्या मागच्या बाकावरचे दणके आहेत. आणि दिवसभर उन्हात फिरून एकही बरा फोटो न मिळता घरी परतणंही आहे. म्हणून आज ठरवलं, की तुम्हाला माझ्याबरोबर एक दिवस कामावरच न्यायचं. चला, काष्टीला!

काष्टी हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात आहे. २०२४ सालापर्यंत या जिल्ह्याचं नाव अहमदनगर होतं, हे तुमच्या भूगोलाच्या सरांनी सांगितलं असेलच. दौंडहून मनमाडला जाणारी रेल्वे काष्टीवरून जाते. आजूबाजूला उसाची शेतं. पण दूरदूरच्या शेतकऱ्यांना काष्टी माहीत आहे ती शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. बैल, गाई, म्हशी, शेळ्या... शनिवारी काष्टीत माणसांपेक्षा शिंगंच जास्त दिसतात!

अशा कामाला निघण्याआधी मी पहिलं काम करतो ते फोन लावण्याचं. बाजार भरणार आहे ना? हसू नका. २०२२ च्या सप्टेंबर महिन्यात लम्पी या त्वचेच्या रोगाची साथ जनावरांत पसरली, तेव्हा राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. न विचारता गेलं, तर रिकाम्या मैदानाचा फोटो काढून परत यावं लागायचं.

दुसरं काम पिशवी भरण्याचं. दोन कॅमेरे, कारण एक बिघडला तर गावात दुकान कुठं शोधणार? तीन भिंगं, जादा बॅटऱ्या, धूळ झटकायला मऊ ब्रश, पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी, पाण्याची बाटली, बिस्किटांचे दोन पुडे. आणि एक वही आणि पेन. ही वही माझ्या पिशवीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. का, ते पुढं सांगतो.

ही पिशवी खांद्याला लागली की मी जुन्या फोटोग्राफरांची आठवण काढतो आणि गप्प बसतो. फोटो काढण्याची कला जगाला कळली १८३९ साली, पॅरिसमध्ये. पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफीची संस्थासुद्धा निघाली! आपले डॉ. भाऊ दाजी लाड ठाऊक आहेत ना? त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. तेव्हा फिल्म नव्हती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधीच ती धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा! त्यामुळे बाहेरगावी जाणाऱ्या फोटोग्राफरला काचा, बाटल्या, पाणी आणि काळोख करण्यासाठी एक तंबूसुद्धा बरोबर न्यावा लागे. फोटोग्राफर आला, की सर्कस आल्यासारखंच वाटत असेल, नाही का?

बरं, आता बाजारात शिरू.

सूर्य नुकताच वर आलेला असतो. टेम्पोंमधून जनावरं उतरत असतात. खुरांनी धूळ उडते आणि त्या धुळीत तिरपी उन्हं शिरली, की एकेक किरण दोरीसारखा दिसतो. माझ्या कामाला हीच वेळ उत्तम. सकाळी ऊन बाजूनं येतं, त्यामुळे बैलाची मान, वशिंड, पाठीवरचे केससुद्धा उठून दिसतात. बारा वाजता ऊन डोक्यावर आलं, की पागोट्याखाली नि टोपीखाली डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा दिसतात. म्हणून दुपारी मी फोटो कमी काढतो आणि गप्पा जास्त मारतो. तेही कामच असतं, बरं का!

बाजारात वावरण्याचे काही नियम आहेत. जनावराच्या मागं उभं राहायचं नाही, लाथ बसते. फ्लॅश मारायचा नाही, जनावर बुजतं आणि एक बुजलं की अख्खी दावण ओढाताण करते. लाल शर्टाची भीती मात्र बाळगू नका. बैल बिथरतो तो लाल रंगामुळे नव्हे, अंगावर येणाऱ्या हालचालीमुळे. आणि बैलाचा फोटो घ्यायचा तर गुडघे टेकून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं. उभ्यानं वरून घेतलेल्या फोटोत तो नुसता पाठीचा कणा दिसतो. खाली बसून घेतलेल्या फोटोत तो कुणीतरी असतो.

फोटोग्राफरला जिथं जाईल तिथली भाषाही शिकावी लागते. काष्टीच्या बाजारातला पहिला धडा दातांचा. बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, वर नसतातच! खालचे आठही दुधाचे असतील तर तो 'आदत'. साधारण दोन वर्षांनंतर दुधाचे दोन पडून पक्के दोन येतात, तो 'दोन दाती'. मग 'चार दाती', 'सहा दाती', आणि आठही पक्के आले की 'जुळला'. बैलाचा जन्मदाखला त्याच्या तोंडातच असतो. हे कळल्यावर, बैलाचं तोंड उघडून वाकून बघणाऱ्या माणसाचा फोटो नेमका कधी घ्यायचा, तेही कळतं.

दुसरा धडा रुमालाचा. काही जुने व्यापारी अजूनही रुमालाखाली हात घालून भाव ठरवतात. एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची. किती बोटं, कशी धरली, यावरून आकडा समजतो. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असोत, भाव कळतो तो दोघांनाच. एकदा एकानं मला हळूच सुचवलं, "खालून कॅमेरा घाला की, बोटं येतील!" मी नाही म्हटलं. रुमालाखालचं त्या दोघांचं. मी फोटो घेतला त्यांच्या चेहऱ्यांचा. एकाची भुवई वर गेली होती, दुसऱ्याचे ओठ घट्ट मिटले होते. सौदा कुठवर आला, ते त्यातच सगळं दिसत होतं.

आणि तिसरा धडा गाईचा. हा मला सर्वांत आवडतो.

दुभती गाय घेणारा माणूस आधी तिची धार काढून बघतो. नुसत्या कासेवर जाऊन चालत नाही, कारण काही विकणारे वेळेवर धार न काढता कास तुंबवून आणतात, म्हणजे ती मोठी दिसते. तर मी उभा होतो तिथं एक गिऱ्हाईक आलं. घाईत बसलं आणि लागलं ओढायला. गाय नवी जागा, नवा आवाज, नवा हात बघून बिचकली. दूध येईना. गाईनं पान्हा चोरला होता. मग एक आजोबा पुढं झाले. त्यांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला, तोंडानं 'हो, हो' केलं, वासरू कासेपाशी सोडलं. थोड्या वेळानं चरवीत धारेचा चुळूचुळू आवाज सुरू झाला!

तेव्हा माझ्या मनात आलं, आपली मराठी भाषा किती शहाणी आहे! आपण पाणी काढतो, चित्र काढतो, धार काढतो आणि फोटोही 'काढतो'. यातला फोटो हा मला धारेच्या जवळचा वाटतो. समोरचं माणूस बिचकलेलं असलं की तेही पान्हा चोरतं! चेहरा ताठ होतो, हात खिशात जातात, डोळे कॅमेऱ्यावर खिळतात. मग कॅमेरा कितीही भारी असू दे, फोटोत माणूस उतरत नाही. त्यासाठी आधी ओळख हवी, दोन शब्द हवेत, सवड हवी.

आणि माणसं बिचकतात यात त्यांचं काय चुकतं? आपले दादासाहेब फाळके १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा काढण्याआधी फोटोग्राफरच होते. गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. पुढं बडोद्यात त्यांनी पुन्हा धंदा मांडला, तेव्हा लोकांत अफवा पसरली होती, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो! गिऱ्हाईक फिरकेना. पण चिकाटी बघा या माणसाची. पुढं त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून जास्त दिवस त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ती वाढ जेमतेम एका मिनिटात दिसे! महिनाभराची वाट आणि मिनिटभराचं चित्र. आमच्या धंद्याचं गणित आजही तेच आहे.

असो. आता मी तुम्हाला काष्टीतला एक फोटो सांगणार आहे. सांगणारच आहे, दाखवणार नाही.

अकरा वाजून गेले होते. बाजार पांगायला लागला होता. एक शेतकरी त्यांची खिल्लारी जोडी घेऊन आले होते. पांढरे शुभ्र बैल, शिंगं रंगवलेली, गळ्यात गोंडे. शेतीची बरीच कामं आता ट्रॅक्टरनं होतात, दोन बैल वर्षभर पोसणं परवडत नाही, म्हणून त्यांनी जोडीतला एक विकला होता. घेणाऱ्याकडे एकटा राहिलेला बैल होता, त्याला जोड हवी होती. पैसे मोजून झाले होते. टेम्पोचं इंजिन सुरू होतं. शेतकऱ्याबरोबर त्यांची नात होती, असेल सहावी-सातवीतली. ती सकाळपासून माझ्याकडे बघत होती. आता ती पुढं आली आणि म्हणाली, "काका, दोघांचा एकत्र काढाल का? परत नाही काढता येणार."

घेणाऱ्याच्या हातात कासरा होता. तो क्षणभर थांबला. मग त्यानं कासरा पुन्हा आजोबांच्या हातात दिला आणि म्हणाला, "काढा, काढा. मला घाई नाही." खरं तर घाई होती, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता!

फोटोग्राफीच्या पुस्तकाप्रमाणे तो फोटो वाईटच. ऊन डोक्यावर. मागं टेम्पो, त्याची नंबरप्लेट, कडब्याच्या पेंढ्या, चहाची गाडी. मी तीनदा बटण दाबलं. पहिल्यात आजोबा ताठ उभे. दुसऱ्यात एका बैलानं मान हलवली. तिसऱ्यात आजोबा कॅमेऱ्याकडे बघायचंच विसरले. त्यांचा हात विकलेल्या बैलाच्या वशिंडावर होता आणि ते त्याच्याकडेच बघत होते. नात दोन्ही बैलांच्या मधे उभी. मग तिनं जाणाऱ्या बैलाच्या गळ्यातला गोंडा सोडला आणि मुठीत धरला. बैल टेम्पोत चढला.

मी वही काढली. दोन पत्ते लिहून घेतले, एक आजोबांचा आणि एक घेणाऱ्याचा. बैल आता त्याच्या घरचा ना! आठवड्यानं दोन्ही घरी टपालानं मोठा फोटो पाठवला. पुढं नातीचं पत्र आलं. फोटो ओसरीत लावला आहे आणि तो गोंडा त्याच खिळ्याला टांगला आहे, असं तिनं लिहिलं होतं. ज्या कामासाठी मी गेलो होतो, त्यांना मी धुळीचे, शिंगांचे, रुमालाखालच्या सौद्याचे फोटो दिले. हा नाही दिला. हा मागितला होता त्या मुलीनं, आणि ज्यानं मागितला त्याच्या घरी तो पोचला.

तर आता वहीचं. तिच्यात मी नावं लिहितो. ज्यांचा फोटो काढला त्यांचं नाव, गाव, पत्ता. हे एवढं का महत्त्वाचं, ते कळण्यासाठी जगातल्या एका फार गाजलेल्या फोटोची गोष्ट ऐका. ही गोष्ट अमेरिकेतली आहे.

१९३६ चा मार्च महिना. अमेरिकेत मोठी मंदी होती, लाखो लोकांना काम नव्हतं. डोरोथिया लँग नावाच्या फोटोग्राफरबाई सरकारी कामासाठी गावोगाव फिरून शेतमजुरांचे फोटो काढत होत्या. कॅलिफोर्नियात रस्त्याकडेच्या एका तळावर त्यांना एक आई दिसली. खांद्यावर तोंड लपवलेली दोन मुलं, मांडीवर तान्हं बाळ, कपाळावर चिंता. तो फोटो छापून आला आणि देश हळहळला. सरकारनं त्या तळावर अन्नधान्यही पाठवलं. पण तोवर ते कुटुंब पुढच्या गावाला निघून गेलं होतं! फोटो जगभर गेला. बाईंचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. लँगबाईंनी ते विचारलंच नव्हतं. पुढं त्यांनी स्वतःच तसं लिहिलं. चाळीस वर्षांहून जास्त काळ गेला. १९७८ साली एका वार्ताहरानं त्या आईला शोधून काढलं. त्यांचं नाव फ्लॉरेन्स थॉम्पसन. त्यांचं म्हणणं होतं, की फोटोची प्रत पाठवते असं आपल्याला सांगितलं होतं, पण ती कधी आलीच नाही.

लँगबाई वाईट होत्या का? मुळीच नाही. त्यांच्या फोटोंनी गरिबांचे हाल साऱ्या देशाला दाखवले. पण ज्यांच्या चेहऱ्यावर हे सगळं उभं राहिलं, त्या आईला त्यातून काय मिळालं? माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी 'फ्लॉरेन्स थॉम्पसन' एवढंच लिहून ठेवलं आहे.

याच्या उलटही उदाहरणं आहेत आणि ती आपल्याकडची आहेत. संदेश भंडारे यांनी महाराष्ट्रभर फिरून तमाशा कलावंतांचे फोटो काढले. नुसते फडावरचे नव्हेत, तर राहुटीतले, प्रवासातले, रोजच्या जगण्यातलेही. त्यातून 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे पुस्तक झालं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. असे फोटो एका चकरेत मिळत नाहीत. पुन्हापुन्हा त्याच माणसांकडे जावं लागतं, त्यांचा चहा प्यावा लागतो. फिरतीचं काम म्हणजे सतत नव्या गावाला जाणं, असं तुम्हाला वाटत असेल. त्यातलं मोलाचं काम पुष्कळदा जुन्या गावाला परत जाण्यातच असतं.

आता तुमच्याकडे वळतो. मी धंद्याला लागलो तेव्हा कॅमेऱ्यात रोल असायचा, एका रोलमध्ये छत्तीस फोटो. प्रत्येक वेळी बटण दाबताना पैशांचा हिशेब डोक्यात असायचा. आज आई-बाबांच्या फोनमध्ये कॅमेरा आहे आणि फोटो मोजायची गरजच नाही. चांगलंच झालं! पण त्यामुळे झालंय काय, की वर्गात कुणी पडलं, कुणी रडलं, कुणी डबा खाताना वेडंवाकडं तोंड केलं, की लगेच फोटो! आणि लगेच चार ठिकाणी पाठवलाही! ज्याचा फोटो आहे, त्याला विचारलं का? बैल विकून येणाऱ्या माणसाचा चेहरा आणि परीक्षेत नापास झालेल्या मित्राचा चेहरा, दोन्ही सारखेच जपायचे असतात.

आई-बाबांनाही दोन शब्द. मूल लहान आहे म्हणून त्याला विचारायचं नाही, असं करू नका. 'हा फोटो मावशीला पाठवू का?' असं तुम्ही त्याला विचारलंत, की पुढं तेही दुसऱ्याला विचारायला आपोआप शिकेल.

तर या आठवड्याचा अभ्यास. घराजवळच्या एका कष्टकरी माणसाशी ओळख करून घ्या. दूधवाले काका, भाजीवाल्या मावशी, इस्त्रीवाले दादा, कुणीही. मोठ्यांना सांगूनच जा. पहिल्या दिवशी नुसत्या गप्पा मारा. त्यांचं काम कधी सुरू होतं, हात कशानं दुखतात, काम करताना ऊन कुठल्या बाजूनं येतं, ते बघा. दुसऱ्या दिवशी परवानगी मागा. 'नको' म्हणाले तर हसून 'बरं' म्हणा आणि गप्पा चालू ठेवा. 'हो' म्हणाले तर एकच, नीट बघून फोटो काढा. वहीत त्यांचं पूर्ण नाव लिहा. मग खाऊच्या पैशांतून त्या फोटोची एक प्रत करून घ्या आणि त्यांच्या हातात नेऊन द्या.

प्रत हातात घेताना त्यांचा चेहरा बघा. त्या वेळी मात्र कॅमेरा घरीच ठेवा हं!

तुमचा,
भटका काका